चाकांची गव्हाण

संशय माझ्या हाडीमाशी खिळलेला. शाळेत शिकवत होते तेव्हा पोरांचे खिसे तपासायचे, निवृत्तीनंतर गाई पाळल्या तर डेअरीवाल्याचा काटा तपासायला लागले. गाई तीनच: दोन संकरित, एक लांब शिंगांची खिलार.

गुडघ्यांनी दगा दिला आणि कडब्याचे भारे उचलवेनात. म्हणून चाकांवर फिरणारी गव्हाण करून घ्यायचं ठरवलं. उभ्या दांड्यांमधून गाईंनी तोंड घालून खायचं आणि मी ती सावलीसावलीनं ढकलत न्यायची. चित्र मीच काढलं. दोन दांड्यांमध्ये फट बारा इंच.

इंदापुरातल्या वेल्डरकडे मी रोज खुर्ची टाकून बसायचे. हे लोक जाड पाइप दाखवतात आणि पातळ लावतात, असं ऐकलं होतं. प्रत्येक पाइपवर पाना मारून मी आवाज ऐकायचे. त्यानं चहा मागवला तरी वाटायचं, माझं लक्ष उडवायला मागवलाय.

एकदा त्यानं विचारलं, "बाई, खिलारीची शिंगं केवढी हाईत? फट जरा वाढवू का?"

मी मनात हिशेब केला. फट मोठी म्हणजे दांड्या कमी. पाइप कुणाचा वाचणार?

"चित्रात आहे तेवढीच," मी म्हणाले.

"बरं," म्हणाला. इतक्या सहज ऐकलं, याचाही मला संशय आला.

संकरित गाईंची शिंगं लहानपणीच डागलेली, त्यांना काहीच अडचण नव्हती. खिलार मात्र आठ महिन्यांची गाभण. माझ्याच गोठ्यात जन्मलेली, माझ्या हातून पहिलं पाणी प्यालेली. गव्हाण घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मान तिरकी करून तोंड आत घातलं, पोटभर खाल्लं आणि मान सरळ मागे ओढली. शिंगं दांड्यांत अडकली.

ती बिथरली. अंग वळवून मागे सरली की चाकांमुळे गव्हाणही तिच्यामागे यायची आणि कोपरा तिच्या पोटावर आदळायचा. मी शिंग दोन्ही हातांनी धरून पिळलं, ओढलं. ती हंबरली. पाइप तसूभरही वाकेना. वाकणार कसा? मीच राखण करून बसवलेला. पोटातल्या वासराला काही होईल म्हणून शेवटी त्या वेल्डरलाच फोन केला.

मोटारसायकलवरून आला. आधी चाकांना दगड लावले. "कटर नगं, ठिणगीनं कडबा पेटंल," म्हणाला आणि हातकरवत काढली. एक हात तिच्या डोळ्यावर धरून दुसऱ्यानं कापत राहिला. दोन पाती तुटली.

"पाइप लय भारी हाय, बाई."

टोमणा असेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. नुसता घाम होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दांडी सुटली. गाय गुडघ्यांवर बसली, मग उठली. त्यानं तिच्या पोटाला तळवा लावला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

"हलतंय वासरू."

मी रडतच पुढे झाले, तिच्या कपाळावरून हात फिरवायला. हात जवळ येताच तिनं मान मागे घेतली आणि त्याच्या आडोशाला जाऊन उभी राहिली.