पुठ्ठ्यावरचे सहा दिवस

आमचे हे इंजिन बदलायचं म्हटलं की आधी पुठ्ठा शोधतात. बॅटरीच्या खोक्याचा. त्यावर कामं, कामापुढे तास, तासांपुढे माणसं. तीस वर्षांत त्यांचा अंदाज अर्ध्या तासानंही चुकलेला नाही, हे मात्र मान्य करायला हवं.

यंदा गाडी मामंजींची होती. सासरे गेल्यापासून शेडमध्ये झाकून ठेवलेली, इंजिन जाम. तसलंच दुसरं इंजिन शोधण्यात दोन वर्षं गेली. ते मिळालं त्याच आठवड्यात दादांचा, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा फोन आला: सहा दिवस सुट्टी काढून येतो. नऊ वर्षांपूर्वी परदेशी नोकरीला गेलेला माणूस! ह्यांनी फोन ठेवला आणि लगेच पुठ्ठा फाडायला घेतला.

मी वाचलं. रेडिएटर काढणं, दोघं. वायरी सोडवणं, दोघं. कार्बोरेटर धुणं, दोघं! तासांची बेरीज बरोबर सहा दिवस.

"अहो, कार्बोरेटर धुवायला दोन माणसं? एक धुणार आणि दुसरा काय टॉवेल धरून उभा राहणार?"

"तुला काय कळतंय त्यातलं!" मग पेन्सिल कानावर खोचत हळूच म्हणाले, "नेटानं केलं तर तीन दिवसांत गाडी चालू होईल गं. मग तो उरलेले दिवस नातेवाइकांकडे फिरत बसेल."

दादा परदेशी गेल्यापासून ह्यांचं कुणाशी म्हणून जमलं नाही. गॅरेजात किती माणसं ठेवली, एकही टिकला नाही. "दादाला सांगावं लागायचं नाही," हे एकच पालुपद. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

मग पुन्हा दादांचा फोन. सुट्टी नामंजूर. कामासाठी इकडे येणं होतंय, पण एकच दिवस, रविवारी सकाळी येऊन संध्याकाळी परत. हे त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नवा पुठ्ठा. सगळ्या कामांपुढे 'एकटा'. रविवारपुढे काहीच नाही.

"तो दिवस कामात घालवायचा नाही," म्हणाले. "नुसतं बसू. बोलू."

आठ दिवस राब राब राबले. चेनपुलीवरून इंजिन खाली सोडताना मीच ढकलून धरलं, वर "डावीकडे म्हटलं ना!" हेही ऐकून घेतलं.

रविवारी दादा आले. चहा तसाच ठेवून शेडमध्ये शिरले, बॉनेट उचललं. ह्यांनी चावी फिरवली, आणि दादा सुरू झालेल्या इंजिनाकडे बघत राहिले.

"झकास बसवलंयस," म्हणाले. मग तोंड दुसरीकडे वळवून, "मी कामाचे कपडे आणले होते रे. माझ्यासाठी एक बोल्टसुद्धा ठेवला नाहीस?"

ह्यांनी इंजिन बंद केलं, पाना घेतला, आणि इंजिन ज्यांवर बसतं ते स्वतः आवळलेले बोल्ट एकेक करून सैल करायला लागले.

"दादा, बॅग कुठंय तुझी? कपडे बदल."

संध्याकाळ व्हायला सातच तास होते. मी आत जाऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून उभी राहिले.