बाहुलीच्या खांद्यावर

माझी थोरली जाऊ हुइलान एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली. संसार अवघा चार महिन्यांचा. पुढची एकोणतीस वर्षं तिने परपुरुषाच्या हातातून चहाचा पेलासुद्धा घेतला नाही. समोरच्याने तो ओट्यावर ठेवायचा, मागे सरायचं, मग ही उचलणार. बोलायला मात्र तिखट. मी नवी नवरी होते तेव्हा कढईत चहाची पानं करपवली, तर म्हणाली, "धाकटे, कोळसा आपण विकत आणतो. घरी करत नाही." मी जे काही शिकले ते तिच्याच हाताखाली.

तिशीच्या आत विधवा झालेली बाई पन्नाशीपर्यंत निष्कलंक राहिली, की दरबारातून तिच्यासाठी दगडी कमान उभारायची परवानगी येते. आमचे चुलत सासरे बोयुआन रोज कन्फ्यूशियसचं नाव कोरलेल्या पाटीपुढे उदबत्ती लावत आणि जाऊबाईंची वर्षं मोजत. अठ्ठेचाळीस भरली तेव्हा त्यांनी वेशीत दगड आणून टाकलेसुद्धा. बाजारात तुरी म्हणतात तशातली गत.

त्याच वसंतात पानं परतताना तिचा डावा हात वर उठेना. मी तिला न्हाऊ घालत होते, तेव्हा माझ्या बोटांना लागली. छातीत, अक्रोडाएवढी गाठ.

"कुणाला बोलशील तर याद राख."

"अहो पण ताई, वैद्याला तरी..."

"ही गाठ कुणाला होते म्हणतात, ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं. गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. पुरुषाची ओढ मनात दाबून ठेवली की ती बाईच्या छातीत गाठ होऊन बसते, असं सगळे म्हणत. म्हणजे गाठीचं नाव घेतलं असतं, तर तिच्या अंगानेच तिच्याविरुद्ध साक्ष दिली असती.

"होती का हो ओढ?" मी विचारलं. असलं विचारायचं नसतं, पण तोंडातून गेलं.

ती पाण्याकडे बघत राहिली. "त्यांचा चेहरा आता आठवत नाही, धाकटे. हात आठवतात."

शेवटी हात अगदीच आखडला, तेव्हा डोंगरावरच्या ताओ मठातून माओ वैद्यांना बोलावलं. ते पडद्याबाहेर बसले. पडद्यातून आलेल्या मनगटावर रुमाल टाकून त्यांनी नाडी पाहिली, मग पिशवीतून वीतभर लांबीची हस्तिदंती बाहुली काढून माझ्याकडे दिली. दुखतं ती जागा बाईने बाहुलीवर शाईने दाखवायची, ही रीतच आहे. मी बाहुली आत नेली. जाऊबाईंनी कुंचला घेतला आणि खांद्यावर ठिपका दिला.

माओ वैद्यांनी ठिपका पाहिला, पुन्हा नाडी धरली. "खांद्याची नाडी अशी लागत नाही."

"आमच्या घरची बाई खोटं बोलेल?" बोयुआन गरजले.

"बाई कशाला बोलेल? तुमचे वेशीतले दगड बोलायला लावतात. आम्ही मठातली माणसं स्त्री-पुरुषाच्या ओढीला झऱ्याचं पाणी मानतो. ते अडवलं तर तुंबणारच. त्यात तिला लाज कसली?"

"हे तुमच्या डोंगरावर माकडांना सांगा. इथे अब्रूदार लोक राहतात."

वैद्य माझ्याकडे वळले. "पोरी, तू पाहिलं असशील. गाठबिठ असली तर आत्ता सांग. अजून औषध लागू पडेल. खरंच खांदा?"

पडद्याआड जाऊबाई ऐकत होत्या. चुलत सासरे माझ्याकडे टक लावून होते.

"खांदाच," मी म्हटलं.

तीन महिने मी त्या खांद्याला लेप लावला. त्या खांद्याला काही झालंच नव्हतं. लेप वाळला की ती म्हणायची, "पुरे गं, भिंत आहे का मी?" आणि आम्ही दोघी हसायचो. देवा, आम्ही हसायचो! थंडी पडायच्या आत ती गेली. शेवटच्या दिवशी तिने बाहुली मागितली. वैद्य ती परत न्यायला आलेच नव्हते. तिने बाहुलीच्या छातीवर बोट ठेवलं आणि मुकाट रडली.

पन्नाशी भरली नव्हती, तरी बोयुआननी वर अर्जविनंत्या करून कमान मिळवलीच. दगड वाया गेले नाहीत. कमानीवर 'हू घराण्यातील साध्वी' एवढंच कोरलंय. मी तिच्याखालून जात नाही, शेताच्या बांधाने वळसा घालून जाते. लोक म्हणतात, म्हातारीला चळ लागलाय.

बाहुली माझ्याकडेच राहिली. दुखणं आलं की बाया ती मागायला येतात.

परवा माझी सून आली. लाजत लाजत बाहुली उचलली आणि बाहुलीच्या खांद्यावर बोट ठेवलं. "इथे दुखतंय, आई. थोडंसंच."

मी तिच्या हातातून बाहुली काढून घेतली, दाराला कडी घातली आणि म्हटलं, "गुंड्या सोड."