कॅमेऱ्याची शिकवणी

सिल्वासात आमच्या धाग्याच्या कारखान्यात बॉबिन तपासायचा कॅमेरा आला, तेव्हा सगळ्यांत जास्त कौतुक मीच केलं होतं. नाशिकहून आलेला इंजिनिअर, त्यात यंत्रांचं वेड. आता स्वतःच्या अकलेचा राग येतो.

त्याआधी हे काम एक ताई करायच्या. मूळच्या नंदुरबारकडच्या, सिल्वासातच आमली भागात भाड्याने राहणाऱ्या, बारा-तेरा वर्षं त्याच टेबलाशी. बॉबिन दिव्याखाली एकदा फिरवायची, अंगठ्याचं नख कडेवरून न्यायचं आणि चांगली असेल तर उजवीकडे, नाहीतर डावीकडे ठेवायची. त्यांनी ठेवलेली बॉबिन पुन्हा कुणी तपासत नसे. चेकर म्हणून कंपनीच्या पटावर त्यांचं नाव होतं, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

कॅमेरा आला तो कोऱ्या पाटीसारखा. त्याला चांगलं-वाईट कुणीतरी शिकवायला हवं होतं. मीच ताईंना म्हणालो, "तुम्ही नेहमीसारखं काम करा, तो बघेल. तुमचाच त्रास कमी होईल." तीन महिने त्या बॉबिन निवडत होत्या, कॅमेरा फोटो काढत होता आणि मी शेजारी स्टूल टाकून विचारत होतो, ही का नापास, ती का पास. त्या सांगायच्या, मी लॅपटॉपवर टिपून घ्यायचो. हातचं काही राखून न ठेवता शिकवलं त्यांनी.

चौथ्या महिन्यात त्यांना पॅकिंगला घातलं, तेही ठेकेदाराच्या हाताखाली. मी मॅनेजरशी भांडायला गेलो. त्यांनी शांतपणे स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "देखो, चेकर नाम की पोस्ट ही नहीं है अब. मैं किधर डालूँ?" खरंच, यादीत ते नावच नव्हतं. जणू यादी आभाळातून पडली होती. हल्ली कुणाचं काही काढून घ्यायचं तर कुणाला वाईट व्हावं लागत नाही. सिस्टीम घेत नाही म्हटलं की विषय संपतो.

आणि हा हुशार कॅमेरा. चमकता धागा आला, तर त्याने झाडून सगळ्या बॉबिन नापास केल्या. सुरतेचा ट्रक दारात उभा. मग पॅकिंगमधून ताईंना बोलावणं. त्या आल्या, माल निवडून दिला आणि परत खोकी बांधायला गेल्या, त्याच पॅकिंगच्या मजुरीवर. असं दोन-तीनदा झालं आणि कॅमेरा तेही शिकला. कॅमेरावाल्या कंपनीच्या मॅडम फोनवर खुशीत म्हणाल्या, आता चमकत्या धाग्यालाही माणूस लागणार नाही. गरज सरो आणि वैद्य मरो म्हणतात. इथे मरण्याआधी वैद्याकडून सगळी औषधं लिहून घेतली जात होती, आणि लिहून घेणारा मी होतो.

मागच्या आठवड्यात काळा धागा आला. काळ्यावर कॅमेऱ्याला काही म्हणता काही दिसेना. पुन्हा ताईंना बोलावलं. त्या आल्या, अंगावरचा एप्रन काढला आणि कॅमेऱ्यावर टाकला.

"ताई, त्याला दिसलंच नाही तर तो शिकणार कसा?"

"म्हणून तर झाकून राहिले. माल निवडून देते साहेब, माल अडवनार नाही. पन चेकरची जागा परत द्या, मग शिकवीन त्याला."

मला मनापासून बरं वाटलं. इतक्यात मॅनेजरचा फोन आला, फोटो का येत नाहीत म्हणून. "बघतो," म्हणालो आणि फोन ठेवून दिला. एप्रनला हात लावला नाही. ताईंच्या बाजूने उभं राहिल्याचं समाधान घेऊन मी स्टूल ओढलं आणि शेजारी बसलो. पहिलीच बॉबिन डावीकडे गेली.

"ही का?" मी विचारलं.

त्यांचा हात थांबला. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "साहेब, तुमी बी बाहेर थांबा."