एर्सिलियाचं नाक

इटलीतल्या बारोलोच्या द्राक्षमळ्यांतून पाहुण्यांचे गट हिंडवण्यात एर्सिलियाची तीस वर्षं गेली होती. पेला नाकाशी नेला की ती वाइनचं वय सांगायची. हिवाळ्यात तिला ताप आला आणि जाताना तो तिची वास घेण्याची शक्तीच घेऊन गेला. तिनं कुणाला सांगितलं नाही.

या खेपेचा गट आठवड्याभरासाठी आला होता. तीन दिवस तिनं आठवणींवर निभावून नेले. चौथ्या दिवशी वाइन बनवणाऱ्या म्हाताऱ्या फिओरेन्झोच्या तळघरात पेला हुंगून ती म्हणाली, "अहाहा, गुलाब आणि पिकलेली चेरी!" पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकीनं तोंड वाकडं करून पेला खाली ठेवला.

फिओरेन्झोनं तिला आतल्या खोलीत नेलं. "अगं पोरी, ही बाटली आंबलीय. चुकून उघडली मी. तुला कळलं कसं नाही?"

"काका, फेब्रुवारीपासून मला कसलाच वास येत नाही. कुणाला सांगू नका हो. हे कामही गेलं तर मी करू काय?"

"याचा तरी येतो का बघ," म्हणत त्यानं व्हिनेगरच्या पिंपाचं झाकण काढलं. एर्सिलियानं ओणवं होऊन छाती भरून श्वास घेतला. डोळ्यांतून धारा लागल्या, वास मात्र आला नाही. बाहेरून पाहुणे हाका मारत होते.

"थांबा, अजून एकदा," म्हणत ती पुन्हा वाकली.