डोळ्यांपुढच्या रेघा

माझं डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या रेघा चमकतात. समोरच्या माणसाचा अर्धा चेहरा दिसेनासा होतो आणि मग एका बाजूला घण बसायला लागतात. घरात कोणी खोलात शिरलंच नाही. ऊन लागलं म्हणत सासूबाई सुंठ उगाळून कपाळाला लावायच्या.

दुसऱ्या मुलीनंतर मी पाळणा लांबवायच्या गोळ्या सुरू केल्या, धाकट्या जावेच्याच. तिला मानवल्या तर मला का नाही मानवणार, एवढाच विचार. दुकानात नाव सांगितलं की मिळायच्या. पण दुखणं वाढलं. एकदा घोटावड्याच्या कारखान्यात पॅकिंगला उभी असताना रेघा आल्या आणि उजवा हात बधिर झाला. तेव्हा मात्र घाबरले. आता सुंठेवर भागणार नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी हेच विचारलं, दुखण्यापूर्वी डोळ्यांना काही दिसतं का. ऐकून त्यांनी गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. अशा रेघा दिसणाऱ्या बाईला त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे मेंदूच्या झटक्याचा धोका वाढतो, म्हणाल्या. मीही हटून बसले. बंद करते, पण तिसरं मूल नको, मला चालेल ते द्या. रक्तदाब तपासून, सगळं विचारून त्यांनी इस्ट्रोजेन नसलेलं तीन महिन्यांचं इंजेक्शन दिलं. पाळीचा नेम राहणार नाही हे सांगितलं, आणि पाळी लांबवायच्या गोळीतही तोच धोका असू शकतो, ती विचारल्याशिवाय घ्यायची नाही असं बजावलं.

भाद्रपदात गौरींच्या आठवडाभर आधी सासूबाईंनी नेमकी पाळी लांबवायच्या गोळ्यांची पट्टी आणून पुढ्यात ठेवली. गौरी थोरल्या सुनेनं, म्हणजे मी बसवायच्या, हा घरचा रिवाज.

"समद्या बाया घेत्यात," त्या म्हणाल्या. "तुलाच काय हुतंय?"

मला राग आला. पट्टी उचलून मी त्यांच्याच हातात दिली.

"आत्या, गौरी फुडल्या वर्षी बी येतील. तवा मी असाया पायजे का नको?"

गौरी आल्या त्या दिवशी सकाळीच पाळी आली. जावेनं गौरी बसवल्या, सासूबाईंनी तिला साड्या नेसवायला मदत केली. मी पडवीत बसून बघत होते. आत समयांच्या उजेडात दोन्ही मुखवटे अख्खे दिसत होते.