बिरोबाच्या नैवेद्याला उशीर झाला तेव्हा

बाळांनो, तुम्ही फोनवर विचारता, "आजी, तू देवाला खरंच मानतेस, की नुसती पूजा करतेस?" गेल्या उन्हाळ्यापर्यंत ते मलाच ठाऊक नव्हतं. पूजा माझी घड्याळाप्रमाणे होई, पण भरवसा होता तो दाराच्या कडीवर. तुमच्या आजोबांना विसरण्याचा आजार जडल्यापासून ती कडी मी नेमाने लावत आले.

त्या दिवशी गॅसची टाकी आली. ती आत ठेवून घेईपर्यंत आजोबा घराबाहेर पडले होते. आपल्या कॉलनीसमोरच कुपवाडचा रस्ता. कारखान्यांच्या गाड्या तिथून सुसाट जातात आणि आजोबांना रस्ता ओलांडण्याचं भान उरलेलं नाही. दत्तमंदिरात पाहिलं, दर्ग्यापाशी पाहिलं. तिथले फुलवाले चाचा लगेच स्कूटरवर बसले. "भाभी, तुम्ही मंदिरात थांबा, मी कारखान्यांकडं बघून येतो."

मी दत्ताच्या पायरीवर येऊन बसले. एरवी मी देवालाही काय करायचं ते नीट समजावून सांगते. त्या दिवशी एवढंच म्हटलं, "मला काही सुचत नाही. आता तूच सांभाळ."

पाण्याच्या टाकीमागून ढोल ऐकू आला. तिथे माळावर धनगरांचं बिरोबाचं लहानसं देऊळ आहे. इतक्या वर्षांत मी तिकडे कधी गेले नव्हते. आजोबांना फौजेतल्या पलटणीपासून ढोलाची ओढ, म्हणून पाय तिकडे वळले.

मंडळींच्या रांगेत, कपाळभर भंडारा लावून, आजोबा ताठ बसले होते.

"आवं आजीबाय, ह्यो तुमचा मालक व्हय?" एक म्हातारी हसली. "लय शिस्तीचा गडी! सारखा उठून रस्त्याकडं निघायचा. म्या म्हनायची, देवाचा निवद व्हायचाय, बसा! की बसलाच. निवदाबिगार हितनं कुनी जात न्हाई. आज मेली चूलच पेटंना, न्हाईतर कवाच पांगलो असतो."

मी आजोबांशेजारी जाऊन बसले. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, बऱ्याच दिवसांनी ओळखीचं पाहिलं. म्हणाले, "उशीर केलास. पंगत चुकली असती."

चाचांना फोन केला, तेही आले. आम्ही सगळे जेवूनच उठलो.

कडी मी आजही लावते. पण ती लावून झाली की हात जोडते. आणि कुठे उशीर झाला तर आता चिडत नाही. कुणास ठाऊक, त्या वेळात कुणाच्या माणसाला कुणीतरी 'बसा' म्हणत असेल.