आबांच्या गेटासमोरची गाडी

शनिवार-रविवार आला की आमच्या आळीत किस्से पिकतात. टाकव्याच्या फाट्याजवळ, जुन्या हायवेला लागून आमची घरं. लोणावळ्याला निघालेला जो तो इथंच थांबतो. मला चौकशा फार, असं लोक म्हणतात. अहो, माझ्याच खिडकीखाली गाड्या लागतात, मग बघू नको?

शेजारचे आबा दम्याचे पेशंट. गेटावर पाटीच होती : 'गाडी लावू नये.' एक साहेब गेटासमोरच गाडी लावून त्या पाटीला टेकून फोटो काढत होते! मी म्हटलं, "वाचता येतं ना?" तर म्हणे, "काकू, फक्त पाच मिनिटं!" तेवढ्यात त्यांच्या पोरांनी वेफर्सचे कागद तुळशीत कोंबले.

* * *

पारूमावशी, म्हणजे आबांची बायको, हिनं अंगणात भात वाळत घातला होता. एक बाई सँडल घालून त्यावर नाचायला लागली, रीलसाठी! मावशी किंचाळली, "अगं ए, ते खायाचं हाय!"

बाई नवऱ्याला म्हणाली, "सो ऑथेंटिक! त्यांना परत ओरडायला सांग ना."

* * *

एकानं चक्क आबांच्या न्हाणीचं दार वाजवलं. "वॉशरूम?"

आतून आबा, "आरं, मी अंघोळ करतोय!"

"ओके अंकल, वेट करतो." आणि मागं रांग लागली की हो!

* * *

मग तो रविवार. आबांना धाप लागली. रिक्षा आली, तर गेटाला चिकटून पांढरी गाडी, मालक भजी खायला गायब! हाका मारून घसा बसला. शेवटी माझे मिस्टर आणि आळीतल्या पोरांनी आबांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट कंपाउंडवरून पलीकडं उतरवलं. मी त्या गाडीच्या काचेवर अशी थाप मारली, मनगट अजून दुखतंय.

आबा तशा धापेतही म्हणाले, "हवा सोड तिची."

सोडली असती हो. पण मग ती तिथंच राहिली असती!

आबा दवाखान्यातून परत आले नाहीत.

* * *

तेराव्याला अंगणात मांडव, पंगत बसलेली. एक कुटुंब गॉगल लावून आत आलं आणि सरळ पानावर बसलं. "थाळी अनलिमिटेड ना?"

मी तरातरा उठले. मावशीनं माझा हात धरला. "बस खाली. भरल्या पानावरनं कुणाला उठवायचं न्हाई."

पोटभर जेवले. गृहस्थानं बोटं चाटत हार घातलेल्या फोटोकडं पाहिलं. "हे मालक का?"

"व्हय," मावशी बुंदी वाढत म्हणाली. "गाडी कुटं लावली तुमी?"

"ही काय, गेटासमोरच!"